ज्येष्ठांची आहार-प्रश्नावली तपासताय? या चुका टाळा

प्रश्नावली एकदा भरून घ्यायची, काही आठवड्यांनी त्याच माणसांकडून पुन्हा भरून घ्यायची आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. विश्वासार्हतेची चाचणी कागदावर एवढीच. जुळणीचा आकडा कमी आला की आपण आजी-आजोबांच्या स्मरणशक्तीला बोल लावून मोकळे होतो. घोळ बऱ्याचदा आपणच घातलेला असतो.

सगळ्यात महागात पडतात त्या चुकीच्या तारखा. समजा, पहिली फेरी ज्येष्ठात झाली आणि दुसरी श्रावणात. मध्ये कांदेनवमीला भजी आणि भरीत खाऊन आजींनी चातुर्मास धरला. कांदा, लसूण, वांगं बंद. 'वांगी किती वेळा खाता?' याला आधी 'आठवड्यातून दोनदा' आणि नंतर 'खात नाही', ही दोन्ही उत्तरं खरी, तरी प्रश्नावली नापास! प्रश्नात 'गेल्या वर्षभरात' असं लिहिलं म्हणून सुटका होत नाही, डोळ्यांसमोर असतो तो चालू महिनाच. म्हणून दोन फेऱ्यांत साधारण दोन ते चार आठवडे ठेवा आणि दोन्ही फेऱ्या आषाढी एकादशीच्या एकाच बाजूला बसवा. चार दिवसांतच परत गेलात तर मागचं उत्तर आठवून तेच सांगतील. कालच्या दिवसभराचं खाणं विचारणार असाल तर उपासाचा दिवस वेगळा नोंदवा. साबुदाणा-वरईच्या दिवशी भाकरीचा रकाना रिकामाच राहणार.

उत्तर कोण देतंय, हेही पाहा. "अहो आई, तुम्ही दूध कुठे पिता? चहातलं तेवढंच!" आतून सूनबाईंचा आवाज येतो आणि आजी मान डोलावतात. पहिल्या वेळी आजी बोलल्या, दुसऱ्या वेळी सूनबाई, तर तुम्ही दोन माणसं ताडून पाहिलीत. विस्मरणाचा त्रास असेल तर सुनेला जरूर विचारा, पण दोन्ही वेळा तिलाच, आणि तसं फॉर्मवर लिहा.

'एक वाटी आमटी' असं लिहून पुढे जाऊ नका. घरातली वाटी मागून घ्या, त्यात पाणी भरा आणि मोजपात्रात ओतून पाहा. पोळी शक्यतो तोलून घ्या, फुलका आणि घडीची पोळी एका मापात बसत नाहीत. चहात बुडवून खाल्लेले टोस्ट, बटर, खारी यांना बरेच जण खाणं मानतच नाहीत. दात नसलेल्यांचा तर नाश्ताच तो असतो, तेव्हा वेगळा प्रश्न ठेवा.

आता आकडेमोड. तीन आजींनी भाकऱ्या आधी 1, 2, 3 सांगितल्या आणि नंतर 2, 4, 6. सहसंबंध गुणांक (दोन फेऱ्यांचे आकडे सोबत चढतात-उतरतात का ते सांगणारा) पूर्ण 1 येतो, पण एकीचंही उत्तर जुळत नाही. म्हणून नुसत्या सहसंबंधावर विसंबू नका. इंट्राक्लास कोरिलेशन (उत्तरांतल्या एकूण फरकात माणसामाणसांतल्या फरकाचा वाटा किती, ते सांगणारं माप) काढा, त्यातही संपूर्ण जुळणी तपासणारा प्रकार निवडा, आणि सोबत ब्लांड-ऑल्टमन आलेख (दोन फेऱ्यांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) द्या. 'कधीच नाही', 'आठवड्यातून एकदा' अशा गटांसाठी वेटेड कप्पा, म्हणजे योगायोगाची जुळणी वजा करून लांबच्या गटातल्या चुकीला जास्त वजन देणारं माप. दूध, मासे, पालेभाजी यांच्या वारंवारतेवर क्रॉनबाख अल्फा (सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का ते पाहणारा आकडा) मात्र लावू नका. दूध पिणारा मासे खाईलच असं थोडंच आहे?

वृद्धाश्रमातला नमुना हाताशी असतो, म्हणून मोह होतो. तिथे सगळ्यांच्या ताटात जवळजवळ तेच पडतं. माणसामाणसांतला फरकच उरला नाही की उत्तरं बऱ्यापैकी जुळूनही इंट्राक्लास कोरिलेशन घसरतं. घरी राहणारे ज्येष्ठही घ्या.

उलटही होतं. मधुमेह असलेले आजोबा दोन्ही वेळा ठणकावून सांगतात, "गोड? छे, केव्हाच सोडलं!" जुळणी शंभर टक्के, डब्यातले पेढे मात्र कमी होताहेत. खरंखोटं पाहणं ही वैधतेची वेगळी तपासणी. त्यासाठी तोलून नोंदवलेला आहार लागतो, किंवा प्रथिनं आणि मिठापुरती 24 तासांच्या लघवीतल्या नायट्रोजन-सोडियमची चाचणी. वयस्कर माणसाला दिवसभर लघवी डब्यात साठवायला लावणं सोपं नाही, आणि एखादी वेळ राहून गेली तर तो नमुना धरता येत नाही.