आधी फोकसर, मग सेकंडरी

माझी पहिली दुर्बीण सहा इंची. निदान मी तरी तसंच समजत होतो. चार महिने रोज संध्याकाळी कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून काचेवर काच घासली, मग पिचवर (डांबरासारख्या थरावर) सिरियम ऑक्साइडनं पॉलिश केलं, आरशाचा आकार तपासायच्या फूकोच्या चाचणीतल्या सावल्या बघून बघून डोळे चोळले. एवढं सगळं करून ती आकाशाकडं वळवली, तर ती पाच इंचीच्या वर काम करत नव्हती. आरसा सहा इंचीच होता. एक इंच खाल्ला मधल्या छोट्या आरशानं.

न्यूटननं १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण केली तेव्हापासून रचना तीच आहे. तळाशी मोठा अंतर्वक्र आरसा, वरच्या तोंडाजवळ ४५ अंशांत बसवलेला छोटा सपाट आरसा, म्हणजे सेकंडरी, आणि तो प्रकाश नळीच्या बाजूला वळवून आयपीसकडं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडं पाठवतो. आयपीस धरून पुढंमागं करणारी बाजूची छोटी नळी म्हणजे फोकसर. मोठ्या आरशाबद्दल शिकवणारे भेटतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होतात, इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत. छोट्या आरशाबद्दल मात्र सगळे एका वाक्यात बोलून मोकळे होतात: ‘मुख्य आरशाचा चौथा-पाचवा हिस्सा घे.’ मी सहावा हिस्सा घेतला. कुठंतरी वाचलं होतं की सेकंडरी जितकी लहान तितके ग्रह चांगले दिसतात. सहा इंचाला, म्हणजे १५० मिमीला, २५ मिमी.

डिसेंबर २०२४ चे दिवस. गुरू ऐन भरात, वृषभ राशीत रोहिणीच्या वरच्या अंगाला. मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर यायचा. उदगीर तालुक्यातलं आमचं घर जुनं, माळवदाचं. माळवदावर दुर्बीण मांडायचा हट्ट मी दोन रात्री केला. कुणी जिना चढलं तरी गुरू थरथरायचा. शेवटी अंगणात आलो. चार चंद्र दिसले, पट्टे दिसले, गल्लीतली पोरं खूश. मला काही खटकलं नाही, कारण तुलना करायला दुसरं काही नव्हतंच.

खटकलं ते चार दिवसांनी, दुपारी. आरसे एका रेषेत आणायचे म्हणून आयपीस काढून त्या जागी एका डबीचं झाकण बसवलं. झाकणाला बरोबर मधोमध बारीक भोक पाडलेलं. त्यातून पाहिलं की सेकंडरीत मुख्य आरशाचं प्रतिबिंब दिसतं, आणि मुख्य आरसा धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपा कडेला दिसायला पाहिजेत. मला एकही दिसेना. स्क्रू पिळून पिळून सेकंडरी इकडून तिकडं केली. एक क्लिप आली की दुसऱ्या दोन गायब. दुकानासमोर बसलेले सुतारमामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “काय बगायलाव सर दिवसाउजेडी? सूर्य तर मागं हाय.”

क्लिपा दिसत नाहीत याचा अर्थ सरळ आहे. फोकसला, म्हणजे प्रकाश एकवटतो तिथं, डोळा ठेवला की जेवढा आरसा दिसतो तेवढ्याच आरशाचा प्रकाश आयपीसपर्यंत येतो. कडेची गोल पट्टी माझ्यासाठी नव्हतीच. नवीन माणसानं आकडेमोडीच्या आधी ही झाकणाची परीक्षा शिकून घ्यावी असं मला वाटतं. फक्त डोळा साधारण फोकसच्या जागी हवा; फोकसर पूर्ण वर काढून लांबून पाहिलं तर परीक्षा उगाच जास्त कडक होते.

मग वही काढली. चूक टक्केवारीत नव्हती, चूक मोजण्याच्या क्रमात होती. मोठ्या आरशाकडून येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता होत फोकसला टोकदार होतो. सेकंडरी हा शंकू मध्येच छेदते. फोकसपासून ती जितकी लांब, तितका शंकू तिथं जाड, आणि तितकी सेकंडरी मोठी हवी. म्हणून निर्णायक आकडा एकच: सेकंडरीच्या मध्यापासून फोकसपर्यंतचं अंतर. याला ‘एल’ म्हणतात. आणि हे अंतर मुख्य आरसा ठरवत नाही. ते पाइपाची जाडी आणि फोकसरची उंची ठरवतात.

माझा पाइप शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला, २०० मिमी. त्याचा अर्धा १००. जुन्या पद्धतीचा रॅकवाला फोकसर, पूर्ण आत घेतला तरी १०० मिमी उंच. आयपीस पुढंमागं करायला राखीव २०. झाले २२०. एवढं मी धरलं होतं. विसरलो होतो ते खोगीर. पाइप गोल, फोकसरचा तळ सपाट, म्हणून मध्ये सुतारमामांनी सागवानाचा एक ठोकळा पाइपाच्या गोलाईनं कोरून दिला होता. देखणं काम. जाडी २० मिमी. एल झाला २४०.

माझ्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून फोकसपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. व्यासाच्या आठपट, म्हणून एफ/८. शंकूची जाडी काढायला त्रैराशिक पुरतं: २४० × १५० ÷ १२०० = ३० मिमी. बरोबर मधल्या एका बिंदूसाठी लागणारा हा किमान आकार. माझ्याकडं होता २५. उलटं गणित मांडा: २५ × १२०० ÷ २४० = १२५ मिमी. चार महिने घासलेल्या १५० मिमी आरशातला १२५ मिमीच कामाला लागत होता.

किमान आकारही पुरेसा नसतो. त्यात फक्त मधला एक बिंदू पूर्ण उजळतो आणि मधून बाजूला सरकलं की लगेच प्रकाश कमी होऊ लागतो. म्हणून मध्यभागी एक वर्तुळ असं ठेवतात, ज्याच्या आत प्रत्येक बिंदूला अख्ख्या आरशाचा प्रकाश मिळतो. ते केवढं ठेवायचं यावर हौशी मंडळी रात्र रात्र भांडतात. मी चंद्र धरतो. चंद्राचा कोनीय व्यास साधारण अर्धा अंश. नाभीय अंतराला ११५ नं भागलं की फोकसवर पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. १२०० ला तो साडेदहा मिमी येतो. अख्खा चंद्र कडेपर्यंत सारखा उजळ दिसला म्हणजे डोळ्यानं बघणाऱ्याचं भागलं. चंद्राच्या या व्यासाला ‘च’ म्हणू. सूत्र असं:

सेकंडरीचा लहान व्यास = च + एल × (मुख्य आरशाचा व्यास − च) ÷ नाभीय अंतर

लहान व्यास म्हणायचं कारण, सेकंडरी लंबगोल असते. तिची लांब बाजू लहान बाजूच्या १.४१४ पट. ऑर्डर देताना नेहमी लहान बाजू सांगायची. माझे आकडे घातले तर १०.५ + २४० × १३९.५ ÷ १२०० = ३८.४ मिमी. म्हणजे ४० ची घ्यायला हवी होती.

पण ४० घेण्याआधी मी दुसऱ्या टोकाला जाऊन आलो. बीडकडच्या एका मित्राकडं ५० मिमीची सेकंडरी पडून होती. ती आणून लावली. तिन्ही क्लिपा ऐटीत दिसल्या. रात्री गुरू मात्र थोडा धुवून काढल्यासारखा वाटला. पट्टे होते, पण पट्ट्यांमधला फरक फिका. हवा खराब असेल म्हणून तीन-चार रात्री थांबलो, कारण एका रात्रीवर असा निकाल लावू नये. तापलेली जमीन आणि वारा यांनी आरशापेक्षा जास्त नुकसान होतं. चौथ्या रात्री हवा शांत होती. तरी तेच.

सेकंडरी प्रकाश अडवते हे खरं, पण तो तोटा किरकोळ. १५० ला ५० म्हणजे व्यासाच्या ३३ टक्के, क्षेत्रफळाच्या जेमतेम ११ टक्के. खरं दुखणं विवर्तनाचं, म्हणजे कडेवरून जाताना प्रकाश पसरतो त्याचं. ताऱ्याची प्रतिमा म्हणजे मधे एक चकती आणि भोवती फिकी कडी. मधोमध अडथळा मोठा झाला की चकतीतला काही प्रकाश कड्यांत जातो. जोडतारे वेगळे दिसण्यात फारसा फरक पडत नाही, पण गुरूच्या पट्ट्यांसारखे कमी फरकाचे तपशील पुसट होतात. एक ढोबळ ठोकताळा चालतो: अशा तपशिलासाठी दुर्बीण मुख्य आरशाच्या व्यासातून सेकंडरीचा व्यास वजा करून उरेल तेवढी धरायची. १५० वजा ५०, म्हणजे १००. अगदी काटेकोर नाही, पण शांत हवेच्या रात्री मला पटला. साधारण २० टक्क्यांच्या खाली अडथळा असेल तर डोळ्याला तो जवळपास कळत नाही, २५ पर्यंत चालतं, ३० च्या वर ग्रह बघणाऱ्यानं विचार करावा. २३ की २५ यावर झोप उडवू नका. मी उडवली होती.

आता ‘एल’ कमी करायचं. खरा उपाय इथंच. उंच फोकसर काढून ५० मिमी उंचीचा बुटका फोकसर घेतला. सुतारमामांना खोगीर पातळ करायला दिलं. ते हातात घेऊन म्हणाले, “लई मन लावून केलतं की ओ हे.” पण १० मिमीवर आणून दिलं. राखीव जागा १५. आता एल = १०० + १० + ५० + १५ = १७५. सूत्रात घातलं: १०.५ + १७५ × १३९.५ ÷ १२०० = ३०.८. सेकंडरीच्या कडेचा एखादा मिमी नेहमी थोडा उतरता असतो, म्हणून ३५ ची घेतली. २३ टक्के. फोकसर बुटका, खोगीर पातळ आणि राखीव जागा कमी केल्यानं ३८ ची गरज ३१ वर आली.

सर्वांत कमी ताकदीच्या, म्हणजे ३२ मिमीच्या आयपीसमध्ये अगदी कडेला किती प्रकाश पोचतो तेही काढून पाहिलं. मध्याच्या पाऊणपट. म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजतात त्या प्रतीत पाव प्रतीचा फरक. डोळ्याला हे समजत नाही. कॅमेऱ्याला समजतं, फोटोच काढायचे असतील तर ‘च’ मोठा धरावा लागतो आणि ही सगळी काटकसर विसरावी लागते.

एक फटका मात्र थोडक्यात वाचला. फोकसरचं भोक मुख्य आरशाच्या पृष्ठभागापासून नाभीय अंतर वजा एल एवढ्यावर पाडायचं असतं. माझं होतं १२०० − २४० = ९६० वर. नवीन हिशोबानं हवं १०२५ वर. पाइप मागच्या बाजूनं कापायचा आळस केला होता म्हणून मुख्य आरशाची बैठक ६५ मिमी मागं सरकवता आली, नाहीतर पाइपाला दुसरं भोक आणि पहिल्याला ठिगळ. त्यामुळं पाइप शेवटी कापा. आणि नाभीय अंतर एफ/८ आहे म्हणून १२०० धरू नका, चंद्राची प्रतिमा कागदावर पाडून आरशापासून कागदापर्यंतचं अंतर फुटपट्टीनं मोजा. हातानं घासलेला आरसा क्वचितच ठरवल्याबरहुकूम निघतो.

ज्यांचा आरसा एफ/५ असेल त्यांचं गणित अधिक कडक. २०० मिमी, नाभीय अंतर १०००, एल २००, च १० धरला तर ४८ मिमी, म्हणजे ५० ची सेकंडरी. तिथं ती फोकसरपासून दूर आणि मुख्य आरशाकडं अडीच मिमी सरकवावीही लागते, कारण शंकूचा काप आरशावर बरोबर मधोमध पडत नाही. सेकंडरीचा व्यास भागिले एफच्या चौपट, असा तो हिशोब. माझ्या ३५ ला एफ/८ वर तो १.१ मिमी येतो. मी तो सोडून दिला.

काचवाल्याकडून आरशाचा तुकडा कापून आणायचा मोह मलाही झाला होता. करू नका. त्या आरशाचा मुलामा मागं असतो, त्यामुळं प्रतिमा दुहेरी येते, आणि खिडकीची काच डोळ्याला सपाट वाटली तरी प्रकाशाच्या हिशोबात सपाट नसते. पुढच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली, तपासलेली सेकंडरीच घ्यायची. दांडीवर चिकटवताना मागं सिलिकॉनचे तीन ठिपके पुरतात. सगळीकडं फासलं की वाळताना काच ताणली जाते.

एप्रिलमध्ये सगळं जुळलं. आमच्या अक्षांशावर ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ दक्षिण क्षितिजापासून २४ अंशांपर्यंत वर येतो. ज्वारी निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात दुर्बीण नेली. तो गुच्छ मधून कडेपर्यंत सरकवत नेला, कुठंच मंदावल्यासारखा वाटला नाही.

२५ मिमीची सेकंडरी बिस्किटाच्या डब्यात कापसात ठेवली आहे. पुतणी अकरावीला आहे, तिनं साडेचार इंची एफ/८ घासायला घेतलाय, १४० च्या पाइपात बसवणार म्हणते. परवा तिच्यासोबत हिशोब मांडला. व्यास ११४, नाभीय अंतर ९००, बुटका फोकसर धरून एल १४५. पंचवीसनं पूर्ण उजळलेलं वर्तुळ येतं ७.९ मिमी. ९०० ला चंद्रही बरोबर तेवढाच पडतो. “काका, मग द्या की ती,” म्हणाली. अजून दिलेली नाही. तिचा फोकसर यायचाय, आणि खोगीर किती जाड होणार हे सुतारमामांनी अजून सांगितलेलं नाही.