लाकडी जेट बोटीसाठी इंजिन बांधताय? या चुका टाळा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या नद्या रुंद पण उथळ, गोट्यांमधून अनेक धारांनी वाहणाऱ्या. तिथे प्रोपेलरचा निभाव लागत नाही, म्हणून तिथले संशोधक बिल हॅमिल्टन यांनी 1954 मध्ये जेट बोट (तळातून पाणी ओढून ते मागे जोराने फेकत पळणारी बोट) घडवली. तेव्हापासून तिथले हौशी लोक घरच्या घरी प्लायवूडच्या बोटी बांधून त्यांत मोटारीची इंजिनं बसवत आले आहेत. खालचे आकडे शेवरलेच्या 350 घन इंची (5.7 लिटर) व्ही-8 साठी आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी इंजिन बांधायचं आणि मग त्याला पंप शोधायचा. जेट पंपाला लागणारी ताकद आरपीएमच्या (दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, तुमचा इम्पेलर (पंपातलं फिरणारं पातं) 4200 आरपीएमला 250 हॉर्सपॉवर खातो. इंजिन 300 चं केलंत तर आरपीएम जेमतेम 4460 पर्यंत जाईल. 4800 गाठायला 373 हॉर्सपॉवर लागतील. बोटीत दोघे बसले काय नि पाच जण काय, या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. म्हणून 5800 ला जोर देणारं रेसचं इंजिन इथे निरुपयोगी: तिथवर ते पोचतच नाही. आधी पंपवाल्याकडून इम्पेलरचा ताकद-आरपीएम आलेख घ्या, आणि त्या आरपीएमला भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारं इंजिन बांधा. जुनं मरीन इंजिन घेत असाल तर ते उलट्या फिरकीचं नाही ना, हेही बघून घ्या. जोडी-इंजिनांच्या बोटींतली काही तशी असतात.

कॅमशाफ्टही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच हिशेबाने निवडा. 0.050 इंच लिफ्टला 210 ते 220 अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) आणि 112 ते 114 अंशांचा लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) पुरेसा. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त झाला की आयडलिंगला एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जातं. प्लगवर गंज किंवा ओल दिसली तर पहिला संशय याचाच घ्या.

मोटारीचं इंजिन हायवेवर थोड्याच ताकदीवर पळतं. बोटीत तासन्‌तास मोठा भार असतो, आणि वर नदीचं गार पाणी सिलिंडर आकुंचित ठेवतं, तर पिस्टन तापून फुगतो. त्यामुळे पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधला गॅप मोटारीच्या मापाने ठेवला की टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची वरची कड तुटते. 4 इंच बोअरला वरच्या रिंगचा गॅप 0.018 ते 0.020 इंच (साधारण अर्धा मिलिमीटर) ठेवा, दुसऱ्या रिंगचा किंचित जास्त. कॉम्प्रेशन 9:1 च्या आसपास. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (कमी भारावर ठिणगी आणखी लवकर पाडणारी सोय) नको. जुन्या सिलिंडर हेडना ठिणगीचं एकूण टायमिंग 32 अंश पुरे, कारण पाण्याच्या आवाजात नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याची टकटक) ऐकूच येत नाही. ऐकू येईपर्यंत पिस्टन गेलेला असतो.

आता पाणी, जिथे घरची बांधणी सर्वाधिक फसते. जेट पंपातूनच ब्लॉकला पाणी दिलं जातं, पण पूर्ण थ्रॉटलला पंपातला दाब 100 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) वर जाऊ शकतो. तो थेट ब्लॉकमध्ये सोडला तर गॅस्केट फुटतात आणि तेल दुधाळ होतं. लाइनमध्ये प्रेशर रेग्युलेटर बसवा, दाब 20-25 पीएसआयच्या आत ठेवा, आणि ब्लॉकवर प्रेशर गेज लावाच. थर्मोस्टॅट 143 अंश फॅरनहाइटचा (सुमारे 62 सेल्सिअस) लावा. पण तो बंद असताना पाणी एक्झॉस्टकडे आणि बाहेर जायला बायपास हवा. थर्मोस्टॅटच नसेल तर इंजिन कायम थंड चालतं, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि बोअर झिजतात. पाणी ब्लॉकमध्ये शिरण्याआधी वाळू अडवणारा गाळणीचा डबा बसवा. नाहीतर ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात गाळ बसतो आणि शेवटचे सिलिंडर तापतात.

पंपाने हवा ओढली की भार क्षणात नाहीसा होतो आणि इंजिन किंचाळतं, म्हणून रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेत ठेवणारी सोय) ऐच्छिक समजू नका. तीव्र वळणात तेल एका बाजूला सरकतं. संपमध्ये (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीत) बॅफल म्हणजे आडव्या पट्ट्या आणि झडपा हव्यात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साठते. मोटारीचा स्टार्टर, अल्टरनेटर, कार्ब्युरेटर किंवा फ्युएल पंप तिथे लावू नका. मरीन बनावटीचेच घ्या, फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरमधून ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) लावा आणि सुरू करण्यापूर्वी चार मिनिटं ब्लोअर चालवा. लाकडाच्या बोटीत यावर तडजोड नाहीच.

लाकूड पाण्यात गेल्यावर थोडं हलतं, त्यामुळे इंजिन आणि पंपाची अलाइनमेंट बोट पाण्यात दोन दिवस ठेवल्यावर पुन्हा तपासा. इंजिन आणि पंप जोडणाऱ्या शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारे सांधे) अगदी सरळ रेषेतही नकोत: दोन्ही टोकांना सारखाच 1 ते 3 अंशांचा कोन ठेवा, नाहीतर बेअरिंगच्या सुया एकाच जागी खड्डे पाडतात. इंजिनाच्या बेडचे बोल्ट आरपार, मोठ्या वॉशरसह, आणि भोकं आतून इपॉक्सीने बंद केलेली.

नव्या बोटीचा पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे तो 200-300 ने उतरला तर बहुधा इंजिन कमजोर झालंय: टायमिंग, इंधन, कॉम्प्रेशन तपासा. आरपीएम चढला आणि वेग मात्र पडला, तर पंपाच्या तोंडावरच्या जाळीत गवत किंवा गोटे अडकलेत, नाहीतर इम्पेलरच्या कडा आणि वेअर रिंग (इम्पेलरभोवतीचं कडं) झिजलीय.