जुन्या फियाटची पुढची काच बदलताना

नवी काच बसवली, दोन दिवस छान राहिली आणि तिसऱ्या दिवशी खालच्या कोपऱ्यातून आपोआप तडकली. जुन्या गाड्यांत ही तक्रार नेहमीची. खापर काचेवर फुटतं, पण बहुतेक वेळा काच निर्दोष असते. तिच्याखालच्या पत्र्याच्या कडेवर गंजाचा फुगवटा, वेल्डिंगचा उंचवटा किंवा सुकलेल्या सीलंटचा (फटी बुजवायच्या चिकट लगद्याचा) खडा राहून गेलेला असतो. पांदणीत चाक खड्ड्यात गेलं, बॉडी जराशी पिळली, की सगळा भार त्या एका टोकावर येतो. म्हणून काच बसवायला दीड-दोन तास आणि चौकट, म्हणजे काच जिच्यावर बसते ती पत्र्याची कड, तयार करायला दोन-तीन दिवस, असा हिशेब धरा.

इथे दिलेली रीत प्रीमियर पद्मिनीची आहे, जिला गावात अजून फियाटच म्हणतात. अ‍ॅम्बेसिडर आणि स्टँडर्ड हेराल्डची काचही रबरातच बसते, त्यामुळे तिथेही हीच पद्धत चालते. एमजीबीसारख्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारची काच मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत असते. तिथे आधी चौकटच उतरवावी लागते, ते काम वेगळं.

आधी जुनी काच वाचा

तडा कुठून सुरू झाला ते पाहा. गोट्याचा मार असेल तर चांदणीसारखी खूण दिसते आणि तडे तिथून फुटतात. चांदणी नाही आणि तडा थेट कडेतून निघालेला आहे, तर दोष पत्र्यात आहे. त्या जागी बॉडीवर मास्किंग टेपची खूण करून ठेवा. काच निघाल्यावर पहिली नजर तिथेच जायला हवी.

सामान

पुढच्या काचेला लॅमिनेटेडच घ्या. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असल्याने ती तडकली तरी जागेवर राहते. टफन्ड, म्हणजे तापवून कठीण केलेल्या काचेचा एका क्षणात भुगा होतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का असावा. रंगीत काच घेणार असाल तर पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. फियाटची काच वळणदार आहे, ती तयार आकारातच मिळवावी लागते. सपाट काचेच्या जुन्या जीपला लॅमिनेटेड तावातून कापून घेता येते. टफन्ड काच मात्र कापताच येत नाही.

काच नागपूरहून आणा की अकोल्याहून, ती आडवी ठेवून आणू नका. गाडीत दोन गाद्यांच्या मध्ये उभी, खाली बारदान्याची घडी, आणि दोरीने बांधलेली. घेताना हातमोजा घालून चारही कडांवरून बोट फिरवा. कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी कपची उडालेली दिसली तरी परत करा, कारण तडा तिथूनच निघतो. मग काच उभी धरून तिच्यातून विजेच्या खांबाकडे पाहत मान हलवा. खांब डुगडुगला तर त्या काचेतून रात्री गाडी चालवणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

रबर नवंच हवं. विदर्भाच्या उन्हात जुनं रबर लाकडासारखं होतं, ते पुन्हा वापरून पैसे वाचत नाहीत. रबराला दोन खाचा असतात, एक काचेची आणि एक पत्र्याच्या कडेची. त्यातली काचेची खाच काचेच्या जाडीला जुळते का, ते दुकानातच काचेचा तुकडा घालून पाहा. रोलमधून कापून घेत असाल तर घेरापेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर जास्त ठेवा. रबर पुढे आकसतं आणि सांधा उघडा पडतो.

याशिवाय ४ ते ५ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी लागेल, काचेच्या घेरापेक्षा दोन हात लांब. सुतळी नको, ती अर्ध्यात तुटते आणि तिचे धागे खाचेत अडकतात. सीलंट न सुकणारं, ब्युटिलचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन इथे चालत नाही. त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं आणि लॅमिनेटेड काचेची कड दुधाळ करतं. नव्या गाड्यांची काच चिकटवायचं पॉलियुरेथेनही नको, नाहीतर पुढच्या वेळी रबर चिंध्या होऊनच निघेल.

काच काढणे

वायपरचे हात काढा, ते स्पिंडलच्या (ज्या दांड्यावर ते फिरतात त्याच्या) कोणत्या दात्यावर होते याची खूण करून. डॅशबोर्डवर जुनी चादर अंथरा. हवेच्या झरोक्यांवर टेप लावा, नाहीतर आत पडलेले काचेचे कण महिन्याने पंख्याच्या वाऱ्यासोबत डोळ्यांत येतील. चमकती पट्टी असेल तर सांध्यावरची टोपी सरकवून एका टोकापासून हळूहळू उचला. अ‍ॅल्युमिनियम एकदा मुरडलं की पूर्ववत होत नाही.

जुनं रबर टाकायचंच आहे, तर त्याचा बाहेरचा ओठ, म्हणजे टेकणारी पातळ कड, कटरने पूर्ण घेर कापून टाका. मग एकाने आत बसून वरच्या कोपऱ्यापाशी तळहातांनी सावकाश रेटा द्यावा आणि दुसऱ्याने बाहेरून काच झेलावी. फुटलेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी आडव्या-उभ्या टेप लावून मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने काच उचकटू नका.

चौकट

इथे घाई केली की बाकी सगळं वाया.

जुनं सीलंट रॉकेलने मऊ करून लाकडी पट्टीने खरवडा आणि शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा. खालचे दोन कोपरे नीट पाहा. पाणी तिथे साचतं, काळ्या मातीची धूळ ते धरून ठेवते आणि पत्रा आतून सडतो. गंज तारेच्या ब्रशने, मग ८० आणि १८० नंबरच्या कागदाने धातू चमकेपर्यंत घासा. भोक पडलं असेल तर वेल्डिंग करून घ्या. डेंटर पुटी भरून देतो म्हणाला तर नको म्हणा, कारण हादऱ्याने पुटी सुटते आणि तिचाच खडा होतो. वेल्डिंगनंतर कड सरळ ठोकून घ्या, उंचवटा राहिला असेल तर फाइलने उतरवा. डोळे मिटून पूर्ण कडेवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटाला लागतो. मग प्राइमर, रंग आणि सुकायला पूर्ण दोन दिवस.

रंग सुकला की रबराशिवाय काच लावून पाहा. खाली रबराचे छोटे तुकडे ठेवून काच चौकटीवर टेकवा आणि चारही बाजूंची फट मोजा. डाव्या-उजव्या फटीत ३ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर आधी चौकट सरळ करायला हवी. तशीच काच बसवली तर ती ताणातच राहते.

बसवणे

एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर, सावलीतच करा. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही आणि साबणाचं पाणी लावता लावता वाळतं. हिवाळ्यात उलटं: रबर अर्धा तास उन्हात ठेवलं की ते मऊ पडतं.

काच गादीवर ठेवून तिच्या घेराला रबर चढवा. सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नका, जुन्या रबरात जिथे होता तिथेच ठेवा. मागे रबरात रुतणारा पाय असलेली चमकती धातूची पट्टी असेल तर ती आताच रबरात बसवा. रबराची लॉक पट्टी (खाचेत भरून रबर घट्ट करणारी) असेल तर ती सगळ्यात शेवटी जाते. आता रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते तिच्यात दोरी भरा. रिफिल काढलेल्या बॉलपेनच्या नळीतून दोरी ओवून नळी खाचेतून फिरवत नेली की दोरी आपोआप बसत जाते. सुरुवात खाली मधोमध, आणि शेवटी दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवर ओलांडून आतल्या बाजूला लोंबती ठेवा.

लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे टाका आणि ते चौकटीला, खाचेला भरपूर लावा. तेल, ग्रीस किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं.

माणसं तीन हवीत, दोघं बाहेर आणि एक आत. बाहेरच्यांनी काच खालच्या कडेवर नीट बसवून मधोमध धरावी. आतल्याने दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे ओढावं, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो. दोरी ज्या जागी निघतेय, बरोबर त्याच जागी बाहेरच्याने उघड्या तळहाताने दाब द्यावा. वीतभर एक टोक, मग वीतभर दुसरं. आधी पूर्ण खालची बाजू, मग कोपरे, मग बाजू, वरची बाजू शेवटी. दोरी अडली तर जोर वाढवू नका. बाहेरचा दाब चुकीच्या जागी पडतोय, एवढाच त्याचा अर्थ. अडकलेला ओठ बांबूच्या गुळगुळीत केलेल्या चिपेने आतल्या बाजूला सोडवा.

लॉक पट्टीसाठी जाड तारेचा फासा वाकवून हत्यार करता येतं. पट्टी भरताना ताणू नका. ताणलेली पट्टी रात्रीतून आकसते आणि सकाळी सांध्यात बोटभर फट दिसते.

सीलंट दुसऱ्या दिवशी, साबणाचं पाणी वाळल्यावर भरा. बाहेरचा ओठ चिपेने उचलून आधी रबर आणि पत्रा, मग रबर आणि काच यांच्या मध्ये. सांडलेलं रॉकेलच्या ओलसर फडक्याने पुसा, फडकं पिळून घेऊन.

पाण्याची परीक्षा

आत डॅशबोर्डवर कोरडी राख पसरा आणि बाहेरून मगाने पाणी ओता. आधी फक्त खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटी वर. राख जिथे ओली झाली तिथेच गळती आहे असं नाही, पाणी रबराखालून वाहत येऊन भलतीकडे टपकतं. म्हणूनच एका वेळी एकच बाजू भिजवायची. पंपावरच्या प्रेशरने सुरुवातीचे काही दिवस गाडी धुऊ नका.

पहिले दोन दिवस दार लावताना बाजूची काच थोडी खाली ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की हवेचा दाब पुढच्या काचेला बाहेर रेटतो. वावराकडे जायचं असेल तर फियाट घरी ठेवा. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली रिकामी करू नका. वायपरची पानं नवी घाला, आणि धुळीने माखलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका, नव्या काचेवर पहिल्याच दिवशी कमानीसारखे ओरखडे उमटतील.