मोबाइल कम्प्युटिंगचा कोर्स घेताय? आधी सिलॅबस नीट वाचा

बहुतेक जण सिलॅबसमधलं मार्कांचं कोष्टक बघतात आणि फाइल बंद करतात, पण या कोर्सात खरी गोची लॅपटॉपची होते. आयओएस, म्हणजे आयफोनची अ‍ॅप्स, शिकवणार असतील तर ती बनवायचं सॉफ्टवेअर एक्सकोड फक्त मॅकवरच चालतं, त्यामुळे लॅबमधे मॅक मिळणार का आणि किती वेळ, हे अ‍ॅडमिशन पक्की करायच्या आधीच विचारून घ्या. अँड्रॉइड असेल तर त्याची अ‍ॅप्स बनवायचं सॉफ्टवेअर, अँड्रॉइड स्टुडिओ, ८ जीबी रॅमवर चालू होतो खरा, पण सोबत एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) उघडला की मशीन रडायला लागतं, १६ जीबी असेल तर बरं. नसेल तर सरळ जुना अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि अ‍ॅप त्यावरच चालवून बघा, सेटिंगमधे बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं. तसंही सेन्सर, कॅमेरा, बॅटरी यांचं खरं वागणं फोनवरच कळतं. जावा येत असेल तर अँड्रॉइडसाठी वापरतात ती कॉटलिन भाषा फार जड जात नाही, मात्र प्रोग्रॅमिंगची पूर्वअट आहे म्हटलं की ती खरंच असते हं.

नियमांमधे दोन गोष्टी नक्की शोधा. उशिरा सबमिट केलं तर मार्क किती कापतात, आणि नेटवरचा किंवा एआयचा कोड कितपत चालतो. स्पष्ट लिहिलं नसेल तर सरांना मेल टाकून लेखी उत्तर घ्या. ग्रुप प्रोजेक्टला पहिल्या दिवसापासून गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) आपापल्या अकाउंटने कमिट करा, म्हणजे आपला बदल नोंदवा, कोणी किती काम केलं यावरून भांडण झालं तर तोच पुरावा.