मंगळवेढ्याची ज्वारी वर्षभर कशी टिकवावी

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते, बहुतांशी जमिनीतल्या ओलीवरच वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत घरात टिकवायची असेल, तर औषधांपेक्षा उन्हावर अधिक भिस्त ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मळणीयंत्रातून निघालेली ज्वारी लगेच पोत्यात भरून ठेवू नये. ती ताडपत्रीवर पातळ पसरावी, दिवसातून तीन-चार वेळा पायाने वर-खाली करावी आणि दव पडण्यापूर्वी गोळा करून झाकावी. दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. दाणा दाताखाली कट्कन फुटला, की ज्वारी वाळली, ही जुनी पारख आहे. शंका राहिल्यास कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर ज्वारी आणि चमचाभर कोरडे मीठ घालून बाटली हलवावी व दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. मीठ काचेला चिकटले, तर अजून ऊन द्यावे लागेल. उन्हातून आणलेले गरम धान्य रात्रभर निवू द्यावे, कारण ते तसेच कोठीत बंद केल्यास आत घाम धरते.

कोठी पत्र्याची असो वा बांबूची विणलेली कणगी असो, ती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावी. जुनी पोती वापरायची असल्यास ती उलटी करून कडक उन्हात टाकावीत. किडीची अंडी शिवणीत दडून राहतात आणि नव्या धान्याला तेथूनच कीड लागते. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा. हिरवा पाला घालणारे लोक धान्यात ओल घालतात, हे त्यांना सांगूनही पटत नाही. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात अजिबात आणू नयेत. त्यांतून सुटणारा वायू झोपेतल्या माणसाचा जीव घेतो.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली, हाताला पिठी आली किंवा दाण्याला बारीक भोक दिसले, तर सोंडे म्हणजे दाणा पोखरणारे किडे झाले असे समजावे आणि उघडीप मिळताच ज्वारी चाळून पुन्हा उन्हात घालावी.

दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली, अशी या गावाची आठवण आहे. धान्य साठवण्याची जमिनीतली पेवे आता थोडी उरली आहेत, परंतु ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये. बंद पेवातली हवा माणसाला गुदमरवते, म्हणून तोंड बराच वेळ मोकळे ठेवावे आणि एकट्याने तर कधीच उतरू नये.