लांब हेडर की आखूड? आधी गाडीखाली वाकून बघा

हेडर म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या कंपनीच्या ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी बसवायचा, दर सिलिंडरला वेगळा असा पाईपांचा जुडगा. गाडी टर्बो असेल तर त्याच्या भानगडीत पडूच नका. तिथला सगळा खेळ डाउनपाईपचा, म्हणजे टर्बोतून धूर पुढे नेणाऱ्या पाईपचा, आणि मॅपिंगचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरातल्या सेटिंगचा. फोक्सवॅगनच्या 1.0 टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे, मग काढणार काय? 2006 साली आलेली 1.8 सिविक टर्बो नाही, पण तिचीही तीच गत.

राहिल्या साध्या, बिनटर्बो पेट्रोल गाड्या. माझ्या म्हापशाच्या गॅरेजात हेडरसाठी येतात त्या बहुतेक जुन्याच. 1.6 बलेनो, नाहीतर 106 हॉर्सपॉवरची सिटी व्हीटेक. पोरं येतानाच 'लाँग टाक' म्हणून ठरवून येतात. मी विचारतो, बाबा, तुझा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा असतो कुठे? पर्वरीच्या गर्दीत दोन हजारांवर, की चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजारांवर?

विचारायचं कारण ढोबळ हिशेबात दिसतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाईपमधून धावते आणि चारही पाईप एकत्र येतात त्या कलेक्टरवर आपटून ओढ घेऊन परतते. ही ओढ क्रँक साधारण 120 अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्हपाशी पोचली, तर उरलेला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण जास्त आत येतं. 6000 आरपीएमला 120 अंशांना लागतात सव्वातीन मिलिसेकंदांच्या आसपास. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे 500 मीटर धावते. म्हणजे जाऊन-येऊन दीड मीटरच्या थोडं वर, आणि पाईप साधारण 80 सेंटीमीटर. आता 35 सेंटीमीटरचा आखूड पाईप घ्या. त्याची लाट जुळायला इंजिन 14 हजारांवर न्यावं लागेल! तेवढ्यावर तुमचं इंजिन जात नाही. तेव्हा आखूड हेडर देतो ते फक्त कंपनीच्या ओतीव मॅनिफोल्डपेक्षा मोकळा रस्ता. आवाज बदलतो, ताकद थोडीच वाढते.

म्हणून घाटात गाडी पळवणाऱ्याला मी लांबच सुचवतो, तोही फोर-टू-वन. चार पाईपचे आधी दोन, मग एक. त्याने मधल्या आरपीएमची ओढ पसरट मिळते. फोर-वन, म्हणजे चारचा थेट एक, आरपीएमच्या वरच्या टोकाला चांगला, पण ते टोक ट्रॅकवर कामाचं. आणि पाईप जाड घेतला की ताकद वाढते हा समज सोडा. दीड लिटरच्या इंजिनाला दीड इंच पुष्कळ. त्याहून जाड घेतला तर धुराचा वेग मरतो आणि खालचा टॉर्क जातो. दोन हजारांवर रांगणाऱ्यांनी मूळ मॅनिफोल्डच ठेवावा. हे सांगितलं की गिऱ्हाईक जातं, पण खरं तेच आहे.

आता गाडीखाली वाका. त्या सिटीत एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूला आहे, त्यामुळे लांब हेडर पुढून उतरून ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याच्या, खालून मागे जातो. आपल्या वाड्यावाड्यांवरचे स्पीड ब्रेकर तुम्हाला माहीत आहेत, रंग नाही, फलक नाही. गाडीत चार जण बसवा, मगच जमिनीपासून मोजा. हेडर संपच्या खाली लोंबत असेल तर कलेक्टर चेपणार हे नक्की. जागा नसेल तर लांबी कमी करा. 80 चे 65 झाले तरी आखूडपेक्षा बरे.

नव्या गाड्यांत वेगळी अडचण. मॅनिफोल्डला खेटूनच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) असतो आणि लांब हेडरला जागा करायची तर तो उडवावा लागतो. मग चेक इंजिनचा दिवा, पीयूसीला नापास, आणि गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. मी तो काढून देत नाही. अशा गाडीला करायचंच असेल तर कॅट शाबूत ठेवणारा आखूड हेडर, बस्स.

धातूचं मात्र इथे नीट ऐका. खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यात साधं लोखंड टिकत नाही. स्टेनलेस 304 घ्या. वर कापडी हेडर रॅप गुंडाळू नका, तो ओल धरून ठेवतो आणि आतल्या आत पाईप खातो. उष्णता अडवायची तर सिरॅमिक कोटिंग करा. फॅब्रिकेटरकडून माल घेताना पाईपात बॅटरी मारून जोडाच्या आतली बाजू बघा. वेल्डिंग करताना आतून आर्गॉन सोडला असेल तर जोड चांदीसारखा, नाहीतर सोनेरी दिसतो. सोडला नसेल तर काळी, साखरेच्या खड्यांसारखी खरखरीत पापडी दिसते. जोड तिथूनच तडकतो. बाहेरून किती चकाकतो यावर जाऊ नका. फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला बसतो ती पट्टी, 10 मिलिमीटरची मागा, पातळ वाकते आणि गॅस्केट फुंकते. कलेक्टरनंतर फ्लेक्सिबल तुकडा हवाच, कारण आडवं बसवलेलं इंजिन माउंटिंगवर पुढे-मागे डुलतं.

ऑक्सिजन सेन्सर मूळ जागेपासून फार लांब सरकवू नका, तो गरम व्हायला वेळ लागतो आणि वायर कमी पडते ती वेगळीच. बसवल्यावर इंजिन दोन-तीनदा पुरतं तापू द्या, थंड होऊ द्या, आणि थंड असतानाच सगळे नट पुन्हा आवळा. सकाळी पहिल्या स्टार्टला टिक-टिक ऐकू आली तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची यंत्रणा, उघडायला घेऊ नका. आधी फ्लँजभोवती काळा डाग पडलाय का बघा, असेल तर धूर तिथून गळतोय.