घरून काम करताना सहकाऱ्यांशी गप्पा आटल्यात? या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणीत घरी बसून पुण्या-हैदराबादच्या कंपनीचं काम करणाऱ्यांची कामं वेळेत होतात, मीटिंगाही होतात. आटतात त्या टपरीवरच्या गप्पा. मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर आपापल्या गटातलं बोलणं घट्ट झालं, पण दुसऱ्या गटांतल्या लोकांशी होणारा संपर्क घटला. अडचण आली की विचारायला हीच बाहेरची ओळख लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शुक्रवारी वीस जणांचा 'चहा कॉल'. टपरीवर वीस माणसं असली तरी त्यांचे पाच घोळके होतात. कॉलवर एका वेळी एकच आवाज चालतो, म्हणून दोघं बोलतात आणि बाकीचे म्यूटवर मेल तपासत बसतात. तीन-चार जणांचे गट करा, वेगवेगळ्या विभागांतले. वीस मिनिटं पुरेत. हजेरी नको, साहेबही नकोत. गट दर महिन्याला बदला.

दुसरी चूक नेटवर्कची, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला, की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. मग माणूस 'असू द्या' म्हणून गप्प होतो. लोकांना ते तुटकपणाचं वाटतं, दोष मात्र लाइनचा असतो. गप्पांपुरता व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर सरळ साधा फोन लावा. लाइट गेली की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद पडतात. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

वरिष्ठांनी नुसतं 'जरा बोलायचंय' असं पाठवू नये. समोरच्याच्या पोटात गोळा येतो. 'कामाचं काही नाही, सहज. दोन मिनिटं आहेत का?' इतकं लिहा.

कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गप्पा नकोत, त्यासाठी वेगळा ग्रुप हवा. तिथेही सुप्रभातच्या चित्रांनी बोलणं सुरू होत नाही, विषय लागतो. येळवशीला (वेळा अमावास्येच्या सणाला) रानात काढलेला भज्जी-आंबिलाचा एक फोटो टाका. हे काय असतं, असं पुण्यातलं कुणीतरी विचारतंच.

अर्धे ऑफिसात, अर्धे घरी असतील तर कँटीनमध्ये ठरलेली गोष्ट त्याच दिवशी दोन ओळींत कामाच्या ग्रुपवर लिहा. नाहीतर घरच्याला ती आठवड्यानं कळते आणि तो मनातून तुटतो.

नव्या माणसाचं सगळ्यात अवघड. शेजारी वळून 'ही फाइल कुठंय?' विचारायची सोय त्याला नाही, म्हणून तो तासन्‌तास अडून बसतो. पहिले चार आठवडे त्याला एक जुना सोबती द्या, आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं. फोन सोबत्यानं करायचा. नवा माणूस संकोचानं स्वतःहून करत नाही.